गोऱ्या म्हाताऱ्याचा हात

"खराड्यांच्या संगट एका तंबूत बसायचं? त्यापरास मी जलमभर सिनेमाच बघनार न्हाई," मामंजी म्हणाले आणि अडकित्त्यानं सुपारी अशी कातरली की जणू ती खराड्यांच्याच रानात पिकली होती.

समोर पडवीत तंबू टॉकीजवाला मेहबूबशेठ टोपी हातात घेऊन उभा होता. यात्रा परवावर आली होती. तो नुकताच खालच्या आळीतून आला होता. तिथं दौलू खराड्यांनी त्याला हेच वाक्य ऐकवलं होतं, फक्त खराड्यांच्या जागी ढाणे घालून. सुपारी तिथंही होती, असं तो पुढं कितीतरी वर्षं सांगत असे.

मी माजघराच्या दाराआड सहा महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन ऐकत होते. हे केरबा ढाणे माझे सासरे. ते दौलू खराडे माझे वडील, आमचे आप्पा. दोन्ही घरांच्या मध्ये चाळीस पावलांची बोळ. लग्नात माझी वरात निघाली, तर वाजंत्र्यांचं एक गाणं पुरं व्हायच्या आत सासर आलं. शेवटी मारुतीला तीन फेऱ्या घालून वरात लांबवावी लागली. पोरगी डोळ्यांसमोर राहील, म्हणून गावातल्या गावात दिली होती मला. वर्षभर राहिलेही मी डोळ्यांसमोर. मग बेंदूर आला.

आमच्या मांजरखिंडीत बेंदराच्या संध्याकाळी वेशीत कर बांधतात. पिंपळाची पानं ओवलेला दोर असतो तो. ज्याचा बैल पळत येऊन कर तोडेल त्याला वर्षभराचा मान. मान म्हणजे होळीला पहिला नारळ आणि यात्रेत पहिली पानसुपारी, बास. त्या वर्षी ढाण्यांचा हिऱ्या आणि खराड्यांचा पाखऱ्या खांद्याला खांदा लावून वेशीत घुसले आणि कर तुटली. वेशीच्या एका अंगाला ढाणे उभे होते, त्यांना हिऱ्या पुढं दिसला. दुसऱ्या अंगाला खराडे होते, त्यांना पाखऱ्या दिसला. बरोबर मध्ये कुणीच उभं नव्हतं, कारण मधून बैल पळत येत होते.

मारामारी झाली असती तर बरं, चार टाके पडून मिटलं असतं. पण दोघंही मानी. त्यांनी अबोला धरला. बोळीत बाभळीच्या फांद्या पडल्या, आणि मला सांगण्यात आलं की माहेर ही गोष्ट आता विसरायची.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं म्हणतात. माझं सासरी झालं. बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या तेव्हा आई तिच्या अंगणात उगाच भांडी घासत बसली होती, असं मला चंद्रानं सांगितलं. चंद्रा म्हणजे भिकू न्हाव्याची बायको, बाळाला तेल लावायला यायची. दोन्ही घरांत फिरकायची मुभा गावात या नवरा-बायकोलाच होती, कारण दाढ्या दोन्हीकडं वाढत होत्या. चंद्रानंच एक दिवस कमरेला खोचून हिरव्या खणाची कुंची आणली. आईनं शिवलेली. आईनं बाळाचं डोकं पाहिलेलं नव्हतं, चंद्राच्या मुठीवरून माप घेतलेलं. कुंची दोन बोटं मोठी झाली. बाळाचं नाव मामंजींनी संग्राम ठेवलं होतं, ते मात्र परिस्थितीला अगदी मापात बसलं.

सहा महिने झाले होते, आणि चाळीस पावलांवरच्या आजीनं नातू हातात घेतलेला नव्हता. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

"मालक, येक मार्ग हाय," मेहबूबशेठ म्हणाला. "तुमी पडद्याच्या पुढं बसायचं. त्यांनी पडद्याच्या मागं."

"मागनं काय दिसनार? काठ्या?"

"कापड वलं केलं की चित्र आरपार दिसतंय. मदी कापड. तुमी त्यांस्नी दिसायचं न्हाई, ते तुमास्नी दिसायचं न्हाईत."

मामंजींनी विचार केला. "पुढं आमी. नक्की?"

"म्हंजे काय! मानाची जागा."

खालच्या आळीत जाऊन त्यानं आप्पांना सांगितलं की मागची जागा मानाची, मशीनची घरघर नाही, बिडीचा धूर नाही. दोन्ही घरं खूश झाली. सिनेमावाल्याइतकी माणसाची पारख पुढाऱ्यालाही नसते.

यात्रेच्या पहिल्या संध्याकाळी दिवे लागले आणि तंबूत माणूस मावेना. बसायला खाली जमीन. आमच्याकडे बायका-पोरं पडद्याजवळ आणि पुरुष मागं, पलीकडेही तसंच. मी मधेच कुठंतरी बसत होते तर सासूबाई म्हणाल्या, "हितं कशाला? पोराला वारा लागंल. पार पुढं जा, पडद्यापाशी."

पडद्यापाशी वारा कसा लागत नाही हे मी विचारलं नाही. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

मग शेठनं कर्ण्यातून जाहीर केलं की देवाच्या पिक्चरच्या पेट्या चुकून दुसऱ्या यात्रेला गेल्या आहेत आणि आपल्याकडं आलाय तो गोऱ्या लोकांचा जुना पिक्चर. गलका झाला. "पन गोष्ट आपलीच हाय!" शेठ ओरडला. "दोन घरं हायती. दोन्ही घरांत वैर हाय!"

दोन्ही बाजूंनी शिट्ट्या बसल्या.

काळापांढरा सिनेमा, मधून मधून पाऊस पडल्यासारख्या रेघा. ओसाड माळ, उन्हानं करपलेला. घोडे, गुरं, मोठ्या काठाच्या टोप्या. एक पाणवठा, आणि त्याच्या दोन अंगांना दोन लाकडी घरं. त्यांचं इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, शेठलाही नाही. तो कर्ण्यातून सांगत होता ते त्याच्या मनचं. "बगा, बगा, या घरचा म्हातारा म्हनतोय, माझ्या खोंडाला तुमी डाग दिला! त्या घरचा म्हनतोय, खोंड आमच्याच गाईचं!" कुठलं घर चांगलं, कुठलं वाईट, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. धंदा होता त्याचा.

एका घरचा म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा, ताठ. तो घोड्यावर बसला की मागून मामंजींचा आवाज यायचा, "ह्याला म्हनत्यात बापय!" आणि बरोबर त्याच वेळी पडद्यापलीकडून आप्पा म्हणायचे, "काय बसलाय, काय बसलाय! डिट्टो आपलं आबा!" दोघांनीही तोच म्हातारा आपल्या घरचा धरला होता. दुसऱ्या घरात एक टकलू, तंबाखू थुंकणारा म्हातारा होता. त्याला दोन्हीकडून शिव्या पडत होत्या आणि प्रत्येक शिवी पलीकडच्याला ऐकू जाईल इतकी मोठी होती.

पडद्याचं कापड जमिनीपासून हातभर वर होतं. मी खाली वाकून पाहिलं. पलीकडं अंधारात बांगड्या भरलेले दोन हात मांडीवर होते. डाव्या अंगठ्यावर विळीचा जुना व्रण.

मी हळूच म्हणाले, "आई."

ते हात मग पुढं आले, तळवे वर करून, ओंजळ धरतात तसे. मी संग्रामला कुंचीसकट पडद्याखालून सरकवला. भाकरी तव्यावरून काढावी तितक्या सहज तो पलीकडं गेला.

मग एक अगदी बारीक आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते कापडामुळं कळलं नाही. माझा हात अजून कापडाखालीच होता, तो कुणीतरी धरला आणि ओढला. मग मला काय झालं कोण जाणे. मी सरळ आडवी झाले, खांद्यापर्यंत पडद्याखालून गेले आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. एका मांडीवर तिचा नातू, एकीवर मी. पाय सासरी, डोकं माहेरी.

आई माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मी वर पाहिलं. तो मिशाळ म्हातारा घोडा पळवत होता, आणि पळवत होता तो उलट्या बाजूला. आत्ता आमच्याकडून पाहिलं तेव्हा तो डावीकडं निघाला होता; इथून उजवीकडं चाललेला. पाणवठाही फिरलेला, घरंही अदलाबदल झालेली. मला गंमत वाटली. आरशात पाहिल्यासारखं. मी आईला कुजबुजत म्हटलं, "इथनं समदं उलटं दिसतंय गं."

"गप पड जरा," आई म्हणाली. "सिनेमा बघाय आलीस व्हय?"

आणि तेवढ्यात गोळीबार सुरू झाला. शेवटची लढाई. रस्त्यात दोघं म्हातारे समोरासमोर. वारा, धूळ, सगळं गाव दाराआड. मिशाळ म्हाताऱ्याचा हात कमरेला गेला आणि धाडकन बार निघाला. तंबू किंचाळला आणि संग्रामनं भोकाड पसरलं. पलीकडच्या बाजूला. ढाण्यांच्या वंशाचा दिवा खराड्यांच्या गोटात टाहो फोडून रडत होता.

"कुनाचं पोर हाय रं?" अंधारातून आप्पांचा आवाज आला.

"चंद्राच्या भाचीचं," आई म्हणाली. आयुष्यात तिनं आप्पांना मारलेली ती बहुधा पहिली थाप असेल, पण सराईतासारखी गेली.

आप्पांनी कान दिला. "रडू दे," ते म्हणाले. "आवाज चांगला हाय."

आमच्या बाजूनं माझे मालक, हिंदुराव, विचारत होते, "आई, पोरगं कुठं गेलं?"

"माझ्या पदराखाली झोपलंय," सासूबाई म्हणाल्या. "तू बंदुका बघ."

मी संग्रामला घेऊन मागं सरकले. टकलू म्हातारा धुळीत पडला होता आणि दोन्ही घरं, माझी दोन्ही घरं, एकाच माणसाच्या विजयाच्या टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकू पडवीत मामंजींची दाढी करत होता. अर्धा गाल साबणाखाली.

"काय पन म्हातारा," भिकू रंगात येऊन म्हणाला. "डाव्या हातानं काय बार काढला!"

"उजव्या."

"डाव्या, मालक. मी डोळ्यांनी बगितलं."

"तू कुठं बसला हुतास?"

भिकूचा वस्तरा थांबला. "तिकडं जरा... जागा न्हवती हिकडं. पन समदी खालची आळी डावाच म्हनतीया."

मामंजी साबणासकट उठून उभे राहिले. "म्हननारच! डोळ्यांदेखत खोटं बोलायची खोडच हाय त्या घराला. बेंदराला न्हाई का बोलली? आरं, मर्द मानूस, आन् डाव्या हातानं हत्यार धरंल? डाव्या हातानं काय करत्यात ते दौलूला ठावं न्हाई व्हय? जा, सांग जा त्याला."

भिकू गेला आणि दुसरा अर्धा गाल तसाच राहिला. तासाभरात तो निरोप घेऊन परत आला: उजव्या हातानं कुणीही मारतं, डाव्या हातानं मारायला छाती लागते, आणि ज्याला बैल दिसत नाही त्याला हात काय दिसणार.

आता प्रश्न म्हाताऱ्याचा राहिलाच नव्हता. हातात जो खोटा ठरेल, तो बैलातही खोटा ठरणार होता. दोन वर्षांनी पुरावा मिळाला होता, आणि तोही साहेबाच्या देशातला.

त्या संध्याकाळी तोच सिनेमा पुन्हा लावायला लावला. प्रत्येकजण आपापल्या जागेवर बसला आणि प्रत्येकाला कालच्यापेक्षा जास्त खात्री पटली. संग्राम पडद्याखालून पलीकडं गेला, या वेळी तुपात भिजवलेला खारकेचा तुकडा चोखत परत आला.

शाळेचे शितोळे गुरुजी तेवढे यात पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी पारावर येऊन मामंजींना म्हणाले, "केरबादादा, त्याचं असं आहे, उजेड जेव्हा कापडातून पलीकडं जातो..."

"गुरुजी," मामंजी म्हणाले, "पोरांस्नी पाढे येत न्हाईत गावातल्या. ते बगा."

गुरुजी खालच्या आळीत गेले. तिथं आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "उजेडाचं काय सांगताय? बंदूक हातात हुती, उजेडात न्हाई." गुरुजींनी पुढं बदलीसाठी अर्ज केला असं म्हणतात, याच कारणानं केला की नाही ते माहीत नाही.

मेहबूबशेठ मात्र सगळं जाणून होता. त्यानं तोंड उघडलं नाही. दोन दिवस तंबू फाटायला आला होता. शिवाय त्यानंच तोडगा काढला: "मालक, आज जागा बदला. त्यांस्नी तुमच्या जागेवर बसू द्या. तुमच्या जागेवरनं तरी खरं दिसंल का न्हाई?" दोन्हीकडं हाच सल्ला, तोच सूर. दोन्ही घरांना तो पटला. समोरच्याचे डोळे उघडणार होते ना!

तिसऱ्या संध्याकाळी ढाणे मागं गेले आणि खराडे पुढं आले. मी आणि आईनंही जागा बदलल्या, म्हणजे होतो तिथंच राहिलो म्हणा ना: आता ती पडद्याच्या पुढच्या अंगाला, मी मागच्या, पण मध्ये तेच कापड. शेवटची लढाई आली. तंबूत कुणी श्वास घेईना. शेठसुद्धा कर्णा खाली ठेवून बसला. म्हाताऱ्याचा हात कमरेला गेला.

बार झाला. आणि कुणी टाळी वाजवली नाही.

घरी आल्यावर मामंजी जेवले नाहीत. पडवीत बसून एकदा उजवा हात कमरेला लावत होते, एकदा डावा. झोपायच्या आधी म्हणाले, "सूनबाई."

"जी, मामंजी."

"मानसानं खऱ्याला खरं म्हनावं का न्हाई?"

मी मान हलवली.

यात्रेचा शेवटचा दिवस होता. मारुतीपुढं पालखी थांबलेली, सगळं गाव गोळा झालेलं. मी बायकांत होते, बाळ खांद्यावर. समोरच्या घोळक्यात आई. मामंजी ढाण्यांतून निघाले आणि पारापर्यंत चालत गेले. त्याच वेळी खराड्यांतून आप्पा निघाले. गाव मागं सरलं. सिनेमातल्यासारखंच, फक्त हातात बंदुका नव्हत्या. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात पानाचा डबा.

मामंजींनी घसा खाकरला. दोन वर्षांनंतरचा पहिला शब्द. "दौलू. तुझं खरं. डावाच हुता."

गाव गहिवरलं. कुणीतरी "वा!" म्हणालं.

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. ते म्हणाले, "न्हाई केरबा. मी ह्येच सांगाय आलतो. तुझं खरं. उजवाच हुता."

पालखीच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत राहिला.

"म्हंजे?" मामंजी म्हणाले. "मी नमतं घेतोय तर माझी थट्टा करतोस?"

"थट्टा तू करतोयस! मी माझ्या डोळ्यांनी काल उजवा बगितला!"

"काल? काल डावा हुता! परवापतुर उजवा हुता, त्यो मी सोडला तुझ्यासाठी!"

"मी डावा सोडला की तुझ्यापायी!"

"तोंडफिरव्या!"

"कुनाला म्हनतो तोंडफिरव्या? चल, माझ्या वट्यावर चल, आत्ता. कोन फिरलं ते बसून ठरवू!"

"चल! भितो काय तुझ्या वट्याला?"

मला सगळं ठाऊक होतं. त्या तंबूत दोन्ही बाजूंनी एकाच बैठकीत सिनेमा पाहिलेली मी एकटी होते. एक वाक्य बोलले असते तर गावचं हसू झालं असतं, दोघंही खजील होऊन घरी गेले असते, दारं लावून घेतली असती आणि पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं; खजील झालेला मानी माणूस दार उघडत नाही. माझं तोंड उघडलंच होतं. समोर आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं पदर ओठांवर धरला आणि हलकेच मान हलवली. नाही.

मी तोंड मिटलं आणि बाळाची कुंची नीट केली.

आप्पा आणि मामंजी भांडत भांडत बोळीपाशी पोचले. बाभळीच्या फांद्या वाटेत होत्या. मामंजी थांबले नाहीत. त्यांनी काठीनं एक फांदी बाजूला फेकली, आप्पांनी दुसरी, आणि दोघं हातवारे करत ओट्यावर जाऊन बसले. घटकाभरात आई आली आणि माझ्या हातातून संग्रामला घेतलं, भरदिवसा, सगळ्या गावासमोर. "चहा ठेवायला पाहिजे," ती मला म्हणाली. "चल की. तुझा सासरा आलाय घरी."

सासूबाई माझ्या मागं होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "साखर कमी घाल म्हणावं. चिडलं की त्यांना गोड बाधतंय."

त्या दिवशी काही ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा आमच्या पडवीत आले, तिथंही ठरलं नाही. मग रोजचंच झालं. बेंदूर आला तेव्हा कोणाचा बैल पुढं होता हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. पुढं होळीचा पहिला नारळ भिकूनं फोडला. मधल्या वर्षांत दोघांनीही चार-पाचदा हात बदलले. कधी मामंजी उजव्याचे, कधी डाव्याचे, आणि आप्पा नेहमी राहिलेल्या हाताचे. मी मात्र चाळीस पावलं रोज चालत होते, कडेवर संग्राम, मग त्याच्या पाठची धाकटी. गावात कुणी म्हणालं, "ही दोन घरं किती भांडतात!" की मी आणि आई एकमेकींकडं पाहत नसू, पाहिलं तर हसू फुटेल म्हणून.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. आप्पा चौऱ्याऐंशीचे आहेत, मामंजी त्यांच्याहून एका वर्षानं मोठे. तेवढा मान ते सोडत नाहीत.

गेल्या महिन्यात संग्राम पुण्याहून आला होता. कॉम्प्युटरमधला तो. लहानपणापासून हे भांडण ऐकत मोठा झालेला. माहेरच्या ओट्यावर मी तांदूळ निवडत होते, आप्पा शेजारी बसले होते. संग्राम मोबाईल नाचवत आला.

"आई, सापडला! आजोबांचा पिक्चर. सगळा आहे. शेवटची फायटिंग पण. आता एकदाचा निकाल लागतोय. आणि त्यांचं भांडण का होतंय ते पण मला कळलंय. सोपं आहे, पडद्याच्या मागून बघितलं की..."

"संग्राम," मी म्हटलं, "चुलीवर दूध आहे, बघ जरा."

"गॅस आहे आपल्याकडे, आई. आप्पा, हे बघा, इथं..."

त्यानं मोबाईल आप्पांच्या हातात दिला. त्यातून बारीक आवाजात घोडे पळत होते. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आप्पांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला, एक क्षण, अगदी एकच. मग तो उलटा करून ओट्यावर ठेवला.

"दिसत न्हाई मला," ते म्हणाले. "चष्मा न्हाई माझा."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

संग्राम हसला. "अहो आप्पा, चष्मा..."

"लहान हुतास तवा तुला त्या तंबूत रडताना ऐकलंय मी," आप्पा त्याच्याकडं न पाहता म्हणाले. "आवाज चांगला हुता. अकलंचं तवा कळलं न्हाई." काठी शोधून ते उठले, पायात वहाणा सरकवल्या. बोळीच्या तोंडाशी थांबून माझ्याकडं वळून पाहिलं.

"पोरी, मी चाललो. केरबा वाट बगत असंल. आज त्याला डावाच कसा ते पटवूनच येतो. आन् चहाला तिकडंच थांबतो."